गच्चीवरचे ढेमसे

सासूबाई गेल्या त्या वर्षी माझे सासरे आमच्याकडे वाशीमला राहायला आले. मी त्यांना मामाजी म्हणते. जऊळक्याकडच्या एका गावात त्यांचं वावर आहे. सोयाबीन, तूर, आणि विहिरीला पाणी असलं तर हरभरा. ते त्यांनी भाच्याला मक्त्याने दिलं, घराला कुलूप लावलं आणि एक पेटी घेऊन आले. दिवसभर पोर्चमधल्या खुर्चीत बसायचे. रस्त्यावरून कोण गेलं, कोण आलं, एवढं पाहायचे. बोलायचे फार कमी.

आमचं घर नव्या ले-आउटमधलं. मागे खाट टाकली की भरून जाईल एवढीच मोकळी जागा, तीही मुरमाची. म्हणून मी गच्चीवर भाजी लावायला लागले होते. रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, थर्माकोलची खोकी, जे मिळेल त्यात. बियांच्या दुकानात गेले की मला रंगीत पाकिटांची भुरळ पडायची. पिवळे टोमॅटो, द्राक्षाएवढे टोमॅटो, जांभळी पानकोबी, ब्रोकोली. पाकिटावरच्या चित्रासारखं एकही आलं नाही. ब्रोकोलीला तर नुसती पानंच आली. ती शेवटी शेजाऱ्यांच्या बकरीला घातली.

मामाजी पहिल्यांदा गच्चीवर आले तेव्हा कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिले.

"हे काय व सूनबाई? बादलीत वावर केलं काय?"

आणि हसले. आमच्याकडे आल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते, म्हणून मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. जन्मभर शेती केलेला माणूस आता घरातच आहे, आता कुणाला विचारायला जायला नको, असं मनात आलं. मी लगेच त्यांना भेंडीचं झाड दाखवलं. त्याची पानं पिवळी पडत होती.

"मामाजी, हे काहून असं होऊन राह्यलं?"

त्यांनी पान खालून-वरून पाहिलं. मग सोडून दिलं.

"मले काय माहीत?"

"तुमी इतकी वर्षं शेती केली न."

"शेती केली. भाजी नाई केली. थे तुह्या सासूचं काम होतं. धुऱ्यावर काय काय लावे थे. मी इचारलं नाई, तिनं सांगतलं नाई. ताटात आलं का खाल्लं."

धुरा म्हणजे वावराचा बांध. सासूबाई तिथे भाजी लावायच्या हे मलाही माहीत होतं. आम्ही गावाला गेलो की परत येताना पिशवी भरून मिळायची. पण त्यांना काही विचारावं असं मलाही तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा मी भाजी विकतच आणत होते.

दोन-चार दिवसांनी मामाजींनी स्वतःहून विषय काढला. म्हणाले, सगळा दोष मातीचा आहे. "ह्या मुरमात काय होते? काळी माती पाह्यजे. आपल्या वावरातली." भाच्याला फोन करून त्यांनी ट्रॅक्टरवर मातीची पोती मागवली. धोतर खोचून, मला हात लावू न देता, एकेक डबा रिकामा केला आणि काळ्या मातीने काठोकाठ भरला. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

पण ती माती डब्यात रमली नाही. पाणी घातलं की वर तळं साचायचं, खाली जातच नसे. वाळली की तिला भेगा पडायच्या, डब्याच्या कडा सोडून ती आत आक्रसायची, आणि मग घातलेलं पाणी कडेकडेने वाहून जायचं. टोमॅटोची मुळं कुजली. वांगी आहे तेवढीच राहिली. मामाजी सकाळ-संध्याकाळ वर जायचे, डबे पाहून खाली यायचे. एका संध्याकाळी जिन्यातच थांबले.

"वावरात हे माती सोनं हाये सूनबाई. डब्यात कायले अशी करते?"

मी फोनवर व्हिडिओ पाहिले होते, डब्यासाठी माती भुसभुशीत लागते हे मला ठाऊक होतं. पण ते त्या क्षणी सांगणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी सहज म्हणावं तसं म्हटलं, "यात थोडं कुटार मिसळून पाहू काय?" कुटार म्हणजे सोयाबीन काढल्यावर उरतो तो भुसा. त्यांनी मान हलवली. मग आम्ही दोघांनी मिळून सगळे डबे पुन्हा रिकामे केले. गच्चीवर काळ्या मातीचा ढीग घातला, त्यात परसातला मुरूम, शेणखत, कुटार कालवलं. माझे मिस्टर वर आले, ढीग पाहिला आणि आल्या पावली खाली गेले. त्या दिवसानंतर मामाजी बादल्यांना हसले नाहीत.

"आता हे रंगीत पाकिटं राहू दे," ते म्हणाले. "ढेमसे लावू."

ढेमसं म्हणजे लिंबापेक्षा थोडी मोठी, गोल, अंगावर बारीक लव असलेली हिरवी फळभाजी. हरभऱ्याची डाळ घालून केलेले ढेमसे मामाजींना फार आवडतात. शिरपूरला एका नातेवाइकांकडे गेले होते, तिथल्या बाजारातून ते बी घेऊन आले. मी माझ्या माहेराहून, धनजकडून, आईने राखेत चोळून ठेवलेलं भेदराचं बी आणलं. टोमॅटोला आमच्याकडे भेदरं म्हणतात. हे जुनं, लहान, अंगाला चुण्या असलेलं आणि जीभ शहारेल इतकं आंबट. शिवाय तीन जातींची वांगी लावली. काटेरी जांभळं, लांब हिरवं आणि एक पांढरं. पांढरं वांगं पाहून मामाजी म्हणाले, "हे अंड्यावानी दिसते, मी नाई खात." मी त्याचं भरीत केलं. भरितात रंग कुठे दिसतो? ते पोटभर जेवले. मी आजवर सांगितलेलं नाही.

उन्हाळ्यात ढेमशाचा वेल कठड्यावर चढला. पिवळी फुलं आली. फुलामागे हरभऱ्याएवढ्या लवदार गोळ्या धरायच्या, पण चार दिवसांत पिवळ्या पडून गळायच्या. मी पुन्हा फोनवर शोधलं. कारण साधं होतं. गच्चीवर मधमाश्या येत नव्हत्या. नर फूल तोडून मादी फुलाला आपल्या हाताने लावायचं, एवढाच उपाय.

आता हे सासऱ्यांना सांगायचं कसं? ते शेजारीच उभे होते, उपाय ऐकायला.

"मामाजी, फुलं दोन परकारची असतात. ज्याच्या बुडाशी गोळी हाये थे एक. अन् ज्याच्या बुडाशी काही नाई, नुसती दांडी, थे दुसरं."

"मंग?"

"मंग... थे नवरदेव अन् हे नवरी."

मामाजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. वेलाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "तू पाह्य थे. मी पाणी देतो," असं म्हणून गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि मी नुकतंच पाणी घातलेल्या मिरच्यांना पुन्हा पाणी घालू लागले.

मिस्टरांच्या जेवणाच्या डब्याच्या घाईत मी रोज सकाळी दोन-तीन फुलं करायचे. काही धरली, काही गळली. मग आई आजारी पडली आणि मला आठवडाभर धनजला जावं लागलं. परत आले, गच्चीवर गेले, तर पानापानाआड ढेमसे.

"मामाजी, माश्या आल्या काय आपल्याकडं?"

"आल्या असतील."

स्वयंपाकघरात मिस्टर हळूच म्हणाले, "बाबा रोज सकाळी वेलात डोकं घालून बसतात. विचारलं तर म्हणतात, कचरा काढून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन आवाज न करता वर गेले. मामाजी पाठमोरे होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पाकळ्या काढलेलं फूल. नवरीला हळद लावावी तसे ते त्या फुलाचा पिवळा शेंडा एकेका मादी फुलाला हलकेच टेकवत होते. मी परत फिरणार तेवढ्यात कपबशी वाजली. त्यांनी मागे पाहिलं. लाजतील असं मला वाटलं होतं, पण नाही.

"पाह्यतं काय नुसती? तिकडच्या फांदीवर दोन राह्यले, थे करून टाक."

मी चहा कठड्यावर ठेवला आणि दोन फुलं केली. तो चहा तसाच थंड झाला.

पहिल्या ढेमशांची भाजी त्यांनी सावकाश खाल्ली. शेवटी म्हणाले, "तुह्या सासूचे ढेमसे यापरीस लहान राहत. थे कवळेच तोडे. आपण निबर होऊ देल्ले." पुढच्या वेळी आम्ही कोवळे तोडले, आणि चव खरंच वेगळी लागली. त्यानंतर त्यांना सासूबाईंची एकेक गोष्ट आठवू लागली. विचारून आठवत नसे. पाणी घालताना, गवत उपटताना अचानक यायची. माव्याच्या किडीवर त्या चुलीची राख टाकत, हे आठवलं आणि ते लागू पडलं. त्या आंबट ताक शिंपडत, हेही आठवलं, पण किती पाण्यात किती ताक ते आठवलं नाही. आमच्या मिरचीची पानं करपली. "पाह्यलं होतं मी," मामाजी म्हणाले, "पण नीट नाई पाह्यलं." एवढंच म्हणाले आणि करपलेली पानं खुडत बसले.

आणखी दोन उन्हाळे असेच गेले. मग एक दिवस त्यांनी सांगितलं, मी गावाला राहायला जातो. घर बंद राहिलं की पडते. आम्ही नाही म्हणून पाहिलं, पण त्यांनी पेटी भरली होती. बियांच्या पुड्या वर, कपडे खाली. मला घरात बरेच दिवस चुकल्यासारखं वाटत होतं. मग फोन सुरू झाले. "सूनबाई, वालाले मांडव किती उच्चा करू?" "भेदराचे शेंडे खुडू का राहू देऊ?" माझ्या तब्येतीची चौकशी शेवटी, आठवली तर.

या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेले. घराच्या मागे, पूर्वी जिथे इंधन रचलेलं असायचं, तिथे सगळी वांगी होती. मी ओळखत नव्हते अशी सुद्धा. एक हिरव्यावर पांढऱ्या रेघांचं, एक गुच्छाने लागणारं. मी पाहतच राहिले. शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून बोलली.

"तुह्या सासऱ्यानं गावातल्या साऱ्या बाया परेशान केल्या व. ज्याच्या त्याच्या अंगणात जाऊन इचारते, तुमच्याकडं कोणतं वांगं हाये म्हणून. पहिले कोणाच्या दारी उभा नाई राहे हा माणूस."

"मंग भेटलं का नाई बी?" मामाजी म्हणाले.

"भेटलं न. आता बी झालं का माह्या वाट्याचं दे परत."

"देतो, देतो."

मग ते मला मांडवाखाली घेऊन गेले. वालाच्या शेंगा लोंबत होत्या, हिरव्या आणि जांभळ्या, दोन वेलांच्या एकमेकांत गुंतलेल्या. मी शेंगा तोडून पदराच्या ओच्यात टाकू लागले. मामाजी मांडवाशेजारच्या चुलीपाशी बसून तुरीच्या काड्या मोडू लागले. भात मी टाकतो, भाजी तू कर, असं ठरलं. मी जांभळ्या वेलाकडे हात नेला तशी त्यांनी मान वर केली.

"थ्या बुडाकडच्या नको तोडू. थ्या बियाले ठेवल्या."

मी हात वर सरकवला आणि वरच्या कोवळ्या शेंगा तोडत राहिले.