आमेनचा अंगठा

आमेन म्हणण्याच्या बाबतीत माझ्या मामांइतका चिक्कू ख्रिस्ती माणूस अख्ख्या निजामाच्या मुलखात दुसरा नसेल. तरुणपणी त्यांनी कचेरीत एका उर्दू कागदावर काही न विचारता अंगठा उठवला आणि बोरीजवळचं रान गमावलं. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं, "आमेन म्हंजे अंगठाच हाय. समजल्याबिगर उठवायचा न्हाई." जेवणाआधी मी घाईघाईने 'या सर्व अन्नाबद्दल' म्हटलं, की मामा डोळे मिटूनच विचारत, "सर्व म्हंजे? कारलंबी का?" कारल्याबद्दल खरोखर आभार मानायचे की नाही, हे ठरेपर्यंत भाकरी गार होई. मला त्यांचा भारी राग यायचा. त्यात मंडळीतले वडीलधारे तेच, त्यामुळे चर्चमध्येसुद्धा त्यांच्या आधी कुणी आमेन म्हणत नसे.

एकदा बाहेरगावचा एक उपदेशक आला. आमच्या शेजारच्या विधवा सारजाबाईचं लेकरू तापाने फणफणलं होतं. तिच्या घरात एकच दुभती शेळी, आणि लेकराच्या पोटात जे काही जाई ते तिचंच दूध. उपदेशकाने तिच्या घरी आम्हा सगळ्यांना घेऊन गुडघे टेकून प्रार्थना धरली, "प्रभू, ही बाई आपली शेळी तुला वाहते आहे, तिचं लेकरू बरं कर." मग तो आमेनसाठी थांबला. मामा गप्प. त्याने आवाज चढवून पुन्हा तेच मागणं केलं. मामा गप्पच. आम्हा सगळ्यांच्या पायांना मुंग्या आल्या, पण उठणार कोण? सारजाबाई तोंडात पदर कोंबून रडत होती. अखेर मामा सावकाश म्हणाले, "उपदेशकसाहेब, शेळी देवाकडं जायलीय का तुमच्या घरला? तेवढं समजू द्या, मंग म्हनतो."

उपदेशकाने घाम पुसला. पुढच्या प्रार्थनेतून शेळी गळाली, नुसतं लेकरू उरलं, आणि मामांनी असा आमेन ठोकला की बाहेर बांधलेली शेळी ओरडली. लगेच गाडी जुंपून त्यांनी लेकराला परभणीच्या दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी ताप उतरला. प्रार्थनेने की औषधाने, असं मी विचारलं तर म्हणाले, "दोनीला आमेन."

मामा गेले ते पोलीस ॲक्शनच्या आदल्या हिवाळ्यात. कबरीपाशी पाळकांनी 'प्रभू, तू त्यांना नेलंस ते योग्यच केलंस' अशी प्रार्थना संपवली आणि सवयीने आम्ही सगळे थांबलो. सारजाबाई कबरीकडे बघून हुंदका देत म्हणाली, "म्हना की वो दादा आता."

मग आम्हीच आमेन म्हटलं, त्यातलं काहीएक पटलेलं नसताना.