शून्य सावलीसाठी धारवाड, आणि माझी एक ओळ

हे सगळं मी चिडून लिहितेय, आधीच सांगते. ज्यांना गोडगोड प्रवासवर्णन हवंय त्यांच्यासाठी धारवाडच्या पेढ्यावर इतरांनी पुष्कळ लिहून ठेवलंय, ते वाचावं.

जायचं ठरलं वैदेहीमुळे. वैदेही माझ्या बहिणीची मुलगी. दिली हुबळीला, दाजीबानपेठेत, कापडाच्या ठोक व्यापाऱ्यांच्या घरात. मंडळी मूळची मिरजेकडची, पण चार पिढ्या हुबळीत काढलेली. वैदेही धारवाडला मळमड्डीतल्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. मार्चमध्ये तिचा फोन आला. "मावशी, यंदा मुलांना शून्य सावली दाखवणार आहे. सुट्टी असली तरी येतो म्हणालीत पोरं. तू पण ये."

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. रोज दुपारी सूर्य डोक्यावर येतो असं आपण शाळेपासून घोकतो, ते खरं नाही. बरोबर डोक्यावर तो वर्षातून फक्त दोनदा येतो, आणि तोही आपल्या गावाच्या ठरलेल्या दिवशी. हुबळी-धारवाडला मेच्या सुरुवातीला आणि मग ऑगस्टमध्ये. त्या वेळी सरळ उभ्या वस्तूची सावली मिनिट-दीड मिनिट दिसत नाही. ऑगस्टात ढग असतात, म्हणजे खरी संधी मेमधली एकच. शिवाय वैदेहीला सातवा महिना, आणि बाळ झाल्यावर नोकरी सोडायची हे तिच्या घरात परस्पर ठरलेलं. या मुलांबरोबर तिची ही एकच शून्य सावली होती. म्हणून मी निघाले.

कोल्हापूरहून सकाळी सहाची बस धरली. हायवे चांगला आहे, बेळगावला चहाला थांबून साडेदहाच्या आत हुबळी येते, तिकीट तीन-चारशेच्या घरात. खिडकी डावीकडची घेऊ नका, सकाळचं ऊन सगळं तोंडावर येतं. मी घेतली होती. आकाशाच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाईला सूर्य कुठून उगवतो एवढं कळू नये, म्हणून पहिला राग स्वतःचाच आला.

त्या दिवशी मात्र दाजीबानपेठ छान वाटली. कापडाचे तागे डोक्यावर घेतलेले हमाल, मराठीत भाव करून कन्नडात हिशोब करणारे दुकानदार, कोपऱ्यावर गिरमिट आणि मिरची भजी. गिरमिट खाच. चुरमुऱ्यांचं असतं, पण भेळेची सवय झालेल्या जिभेला ते चिंचगुळाचं ओलं मिश्रण वेगळंच लागतं. संध्याकाळी वैदेहीने मला तिची तयारी दाखवली: पिशवीभर दोरे, दोऱ्यांना बांधलेले लोखंडी नट, म्हणजे काठी सरळ उभी आहे का ते ओळंब्याने तपासता येतं. पुठ्ठ्यावर मुलांनी महिनाभर रोज आखलेल्या सावल्या. रोज थोडी आखूड होत गेलेली रेघ. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला स्वयंपाकघरात गेले तर दह्यात तुळशीचं पान, पाण्याच्या घागरीत तुळशीचं पान. मी म्हटलं, आज ग्रहण नाहीये.

वैदेहीच्या सासूबाई, त्यांना घरात सगळे अक्का म्हणतात, भाकऱ्या थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बारा वाजायच्या आत जेवून घ्या ताई. नंतर दीड वाजेपर्यंत चूल बंद. आणि वैदेही काय आज बाहेर पडत नाही."

"अहो, तिचा कार्यक्रम आहे."

"ब्याड. नको. सावली नसलेल्या वेळेला पोटुशी बाई उन्हात थांबू नये. फोनवर आलंय."

मी काही बोलायच्या आत तिचे सासरे, अप्पा, दुकानातून वर आले. शिकलेला माणूस. चंद्रावर यान उतरलं तेव्हा त्यांनी गिऱ्हाईकांना पेढे वाटले होते. ते म्हणाले, "मी पण दुकानाचं शटर अर्धा तास खाली घेणार आहे ताई. उगी कशाला विषाची परीक्षा."

मला जे सुचलं ते मी बोलले. रॉकेट उडताना टाळ्या वाजवता आणि सूर्य डोक्यावर आला की दारं लावता, हे काय आहे म्हटलं. ग्रहणात निदान सूर्य झाकला तरी जातो, इथे तर तो रोजच्यासारखा ऊन देतोय. सावली म्हणजे उजेड अडलेली जागा, तिच्या असण्या-नसण्यावर आयुष्य कुठून ठरायला लागलं? दाराशी वैदेही साडीला पिन लावत उभी होती. तिचा नवरा माल आणायला इचलकरंजीला गेलेला. म्हणजे तिच्या बाजूने भांडायला मी एकटीच, आणि मी भांडले.

अक्कांनी तवा खाली उतरवला. "मागल्या वर्षी तीन महिन्यांचं गेलं, ताई. तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा मी काहीच पाळलं नव्हतं. आता जे जे कानावर येईल ते पाळणार."

मी म्हटलं, दाखवा तरी काय आलंय ते.

त्यांनी फोन दिला. लांबलचक मजकूर, आधी मराठीत, खाली कन्नडात. गरोदर बाईने बाहेर पडू नये. ज्याला स्वतःची सावली दिसत नाही त्याचं आयुष्य सरतं असं जुनी माणसं सांगतात. अन्नात तुळस घालावी. नंतर डोक्यावरून आंघोळ करावी. आणि सगळ्यात वर, जाड अक्षरात, पहिली ओळ: 'सावधान, भरदुपारी तुमची सावली तुम्हाला सोडून जाणार आहे.'

ती ओळ माझी होती.

दहा दिवसांपूर्वी याच ब्लॉगवर मी शून्य सावलीची माहिती लिहिली, आणि लोकांनी वाचावं म्हणून वर हे शीर्षक ठोकलं. 'सावधान' शब्दावर तर मी खूश होते. आठवत असेल तुम्हाला, तुमच्यातल्या कित्येकांनी हसरे चेहरे पाठवले होते. खालचा सगळा हिशोब, अक्षांश, वेळा, कुणीतरी कापून टाकलं होतं, आणि माझ्या ओळीखाली आपलं जोडलं होतं. ती ओळ कुठल्या कुठल्या ग्रुपवरून फिरत या घरात, या फोनवर येऊन बसली होती.

मी खरं ते सांगितलं. "अक्का, ही वरची ओळ मी लिहिली. गंमत म्हणून. खालचं कुणीतरी चिकटवलंय."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. "तुम्हीच लिहिलंय? मग तर खरंच असणार की. तुम्हाला कळतंय त्यातलं."

वैदेहीने पिन काढली आणि दोऱ्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "मुलं अकरापासून उन्हात येऊन थांबतील. तू जा," एवढंच म्हणाली.

हुबळीहून धारवाडला जायला बीआरटीएसची एसी बस आहे. तिला रस्त्याच्या मधोमध स्वतःची वाट आहे, पाऊण तासात पोचवते, उन्हाळ्यात हीच पकडा. सगळा वेळ मी आतल्या आत भांडत होते. अक्कांशी, अप्पांशी, तो मजकूर जोडणाऱ्या अनोळखी माणसाशी. दर दोन स्टॉपनंतर भांडण माझ्यापाशीच येऊन थांबत होतं.

मळमड्डीतल्या शाळेच्या मैदानावर निम्मीच मुलं आली होती. उरलेल्या निम्म्यांच्या घरीही फोन असतात. पुढे उभ्या असलेल्या दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं, "टीचर बरूदिल्लेन्री?" टीचर येणार नाहीत का, म्हणून. मी म्हटलं, टीचरला बरं नाही. आणखी एक खोटं.

बारा वाजता मुलं ओरडायला लागली की सावली आहे, गेलीच नाही. हे तुम्हीही लक्षात ठेवा, नाहीतर कंटाळून घरी जाल. घड्याळातले बारा आणि आपल्या गावची मध्यान्ह वेगळी असते. धारवाडला ती बारा सत्तावीसला होती. मुलांनी ओळंबे लावून काठ्या उभ्या केल्या, स्टीलचे पेले उपडे ठेवले. मी घाम पुसत एकेक मिनिट मोजलं. बारा सत्तावीसला पेल्यांभोवतीची काळी कड गेली. काठ्या नुसत्याच चिकटवल्यासारख्या दिसायला लागल्या. मुलं उड्या मारून खाली बघत होती, कारण उडी मारली की सावली पायाखाली दिसते. हा प्रयोग मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही. इतका सुंदर क्षण मी दात-ओठ खात बघितला, कारण तो ज्या बाईचा होता ती दोन खिडक्या लावून खोलीत बसली होती.

तीनला परत आले तेव्हा सगळ्यांच्या आंघोळी झाल्या होत्या. वैदेही जेवली नव्हती. अक्का तिच्यासमोर ताट घेऊन बसल्या होत्या, जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरलं वांगं, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "खा गं बाळा, गेली ती वेळ."

तेव्हा मला सुचलं. मी म्हटलं, "अक्का, सातवा लागलाय. बाळंतपणाला माहेरीच जायचंय ना, मग आत्ताच नेते तिला. मीच आलेय तर सोबत होईल."

अक्कांना ते लगेच पटलं. अप्पांनी कॅलेंडर उघडलं, दिवस बघितला आणि परवाचा काढला. डोहाळजेवण कोल्हापूरला, धारवाडच्या लाइन बाजारचे पेढे इथून, असं सगळं ठरलं. सूर्य रोज थोडा उत्तरेकडे सरकतो आणि चारच दिवसांनी तो कोल्हापूरच्या बरोबर डोक्यावर येणार आहे, हे मी सांगितलं नाही. अक्कांच्या फोनवरचा मजकूर फक्त हुबळी-धारवाडपुरता होता. वैदेहीने माझ्याकडे बघितलं, आणि ताटातली भाकरी मोडली.

कोल्हापूरला त्या दिवशी माझ्या बहिणीच्या गच्चीवर आम्ही तिघीच होतो. साडेबाराची वेळ. वैदेहीने धारवाडच्या मुलांना व्हिडिओ कॉल लावला होता. चार-पाच जणी एका फोनवर दाटीवाटीने बसल्या होत्या. वैदेही कन्नडात त्यांना समजावून सांगत होती. "बघितलंच शेवटी," मी म्हटलं. ती म्हणाली, "बघितलं गं. पण त्यांच्याबरोबर उडी मारायची होती." हे मला कधीच भरून देता येणार नाही.

मग ती गच्चीच्या मधोमध ताठ उभी राहिली. मान वाकवून बघायला लागली, आणि हसली. पोटामुळे तिला स्वतःचे पायच दिसत नव्हते.

"मावशी, तूच बघ. सोडून गेली का?"

मी खाली वाकले. तिच्या चपलांच्या कडेला जेमतेम बोटभर काळी रेघ होती, बाकी सगळं ऊन.

"गेली नाही गं कुठे," मी म्हटलं. "तुझ्या पायांखालीच आहे."

जुन्या पोस्टचं शीर्षक बदलून मी आता तेवढंच ठेवलंय: 'तुमची सावली तुमच्या पायांखालीच आहे.' तो फॉरवर्ड मात्र थांबलेला नाही. गावाचं नाव बदलून तो सूर्याच्या पुढे पुढे साताऱ्याकडे, पुण्याकडे निघालाय, काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला. तुमच्या घरी आला आणि कुणा बाईला खोलीत बसवलं जात असेल, तर माझ्यासाठी एवढं करा. पहिली ओळ कुणी आणि कशासाठी लिहिली होती ते सांगा, आणि दार उघडा.