दिवा विझतो कशाने

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. वयानं ती सगळ्यांत मोठी, आणि व्हिडिओ गेममधल्या चुका शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बटणांचा कंट्रोलर हाती आला की तिची बोटं अशी पळत की गेम बनवणारेच खुर्च्या ओढून बघत बसत. भिंतीतून आरपार जाणारा घोडा, मेल्यावरही बडबडणारा पहारेकरी, असले घोळ ती चुटकीसरशी पकडायची.

मग कंपनीनं हातवाऱ्यांवर चालणारा गेम काढला. बटणं नाहीतच. मुठीत एक दांडकं धरायचं. त्यातला सेन्सर हाताची हालचाल टिपणार, हात हलेल तसा पडद्यावरचा दिवा हलणार, आणि फार हलला की विझणार. तो न विझवता अंधारी गुहा पार करायची.

ताईचा दिवा पहिल्याच वळणावर फडफडला आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला.

कशानं, ते तिला तेव्हाच कळलं. गेलं वर्षभर तिचा उजवा हात थरथरत होता. चहाचा कप ती डाव्या हातानं उचलू लागली होती. सही करताना मनगट टेबलावर दाबून धरायची. बटणांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. हे दांडकं मात्र चहाडखोर निघालं.

"सेन्सर चुकतोय," ती बोलून गेली.

ते दोन शब्द सेन्सरवालीच्या मुळावर आले. दांडक्याचा प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून आली होती बिचारी. "अहो, माझ्या हातात तर नीट चालतोय," ती परोपरीनं सांगायची. पण साहेबांच्या लेखी ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "ताई म्हणतायत म्हणजे चूक आहे. शोधा."

ती शोधत राहिली. नसलेली चूक सापडणार कुठून? ऑफिस रिकामं झालं तरी तिचा पडदा चालूच. फोनवर ती हळूच विचारायची, "आई, झोपला का गं तो?" शेजारच्या टेबलावर ताई मान खाली घालून बसायची. आज सांगू, उद्या सांगू करता करता दिवस जात राहिले. हातावर पोट, आणि हातच असा! नवऱ्यालाही तिनं पत्ता लागू दिला नव्हता.

गेम विकत घेणारे पाहुणे आले, त्या दिवशी साहेबांनी जाहीर केलं, "ताई खेळून दाखवतील. काल सेन्सर पुन्हा दुरुस्त केलाय. ताईंच्या हातात चालला म्हणजे कुणाच्याही हातात चालेल." आणि सेन्सरवालीकडे वळून दबक्या आवाजात, "आज विझला ना, तर बघा."

ताईनं कोपर बरगडीला घट्ट चिकटवलं. श्वास रोखला. दिवा पेटला. पण मूठ जितकी आवळावी तितका हात जास्तच थरथरे. पाण्याचा ओहोळ कसाबसा पार झाला. पुढं अरुंद कडा. ज्योत डावीकडे लवली, उजवीकडे लवली. सेन्सरवालीचे ओठ पांढरेफटक पडले होते.

दिवा विझला.

साहेब पाहुण्यांकडे बघून ओशाळं हसले आणि दात आवळून म्हणाले, "टेबल आवरा तुमचं. आजच."

सेन्सरवाली उठली. दारापर्यंत गेली.

"साहेब, थांबा!" ताईचा आवाज चिरकला. "सेन्सर बरोबर आहे. हलतोय तो माझा हात."

तिनं दांडकं खाली ठेवलं आणि हात सगळ्यांसमोर धरला. बोटं पानासारखी थरथरत होती. कुठं बघावं ते साहेबांना कळेना. सेन्सरवाली माघारी आली, दांडकं उचललं आणि एका दमात गुहा पार करून दाखवली. पाहुण्यांनी मान डोलावली, कळवतो म्हणाले, आणि गेले ते गेलेच.

जिन्यात सेन्सरवालीनं ताईला गाठलं. "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"माझं बाळ आजीच्या कुशीत झोपायला शिकलं, ताई. आता माझ्याकडे येत नाही."

एवढं बोलून ती जिना उतरून गेली.

घरी ताईनं नवऱ्याला सगळं सांगितलं. "तू माझ्या हातात कप देईनाशी झालीस," तो म्हणाला, "मला वाटलं, माझंच काही चुकलं." दुसऱ्या दिवशी तोच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. औषधानं कंप कमी होईल, पुरता जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. साहेबांनी दोघींचीही नोकरी ठेवली. नव्या गेमचं काम मात्र ताईकडून काढून घेतलं.

सेन्सरवाली तिच्याशी बोलेना. मग एका दुपारी दांडकं घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"माफ केलंय असं समजू नका," ती म्हणाली. "पण असे हात असलेली माणसंही गेम खेळणारच. थरथर कुठली आणि हातवारा कुठला, हे याला शिकवायचंय. धरा."

ताईनं दांडकं घेतलं आणि सवयीनं मनगट टेबलावर टेकवलं.

"टेकवू नका. हलू द्या."

ताईनं हात उचलला. सेन्सरवालीनं पडद्यावरून नजर न काढता आकडे टिपून घेतले, ऑफिस सुटल्याबरोबर पर्स उचलली आणि बाळाकडे निघून गेली.