त्याचं नाव टेपमध्ये नाही

सहार विमानतळावर आई काचेला चिकटून उभी होती. बाबा म्हणाले, "शिकून घे. लगेच परतायचं बघू नको." १९८५ साल. गोवंडीच्या आमच्या गल्लीतून शिष्यवृत्तीवर लंडनला जाणारा मी पहिलाच.

सुधाकर आला नव्हता. त्याचं खरं नाव वेगळं आहे. घरच्यांसाठी तो माझा कॉलेजातला मित्र. मनोरीच्या किनाऱ्यावर आम्ही एकमेकांचे कोण होतो, ते आम्हा दोघांनाच ठाऊक. त्याची पत्रं मी निघण्याआधी त्याच्याच हट्टाने फाडली. माझी त्याच्याकडे राहिली.

लंडनमध्ये जून नावाची बाई भेटली, मूळची जमैकाची. आपल्यासारख्या काळ्यासावळ्या समलिंगी माणसांची पत्रं, फोटो, आठवणी ती एका वाचनालयाच्या तळघरात जपत होती. म्हणाली, "आपण नाही ठेवलं, तर उद्या म्हणतील, असली माणसं तुमच्यात नव्हतीच."

मी सुधाकरकडे माझी पत्रं मागितली. महिन्याभराने उत्तर आलं: "लग्न ठरलंय. पत्रं जाळली यार, फोटोपण. कुणाच्या हाती लागली असती तर वाट लागली असती. रागावू नको ना."

रागावलो. मग त्या रागाचीच लाज वाटली. एका खोलीत सात माणसं, तो लपवणार कुठे? तिथे राहिलेल्यांनो, तुमच्यापैकी कुणी असं काही जाळलं असेल, तर मी दोष देत नाही तुम्हाला.

जूनने टेपरेकॉर्डर पुढे केला. "तुझ्या भाषेत बोल." मी दोन तास मराठीत बोललो. माझं नाव सांगितलं. आडनाव नाही, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. सुधाकरचं नावच घेतलं नाही.

तीन वर्षांनी धाकटीच्या लग्नाला आलो. बुद्धवंदना झाली, जेवणं सुरू झाली. सुधाकर मुलीला कडेवर घेऊन आला. मांडवाबाहेर नेऊन त्याला टेपचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"माझं नाव घेतलंस?"

"नाही रे."

त्याने सुस्कारा सोडला. मुलीचं झबलं उगाच सारखं करत राहिला. मग हळूच म्हणाला, "पण मी होतो, एवढं तरी बोललास ना?"

"दोन तास तेच बोललो."

तो पंगतीत जाऊन बसला.

गोवंडीत माझी माणसं आहेत, पण तिथे मी अर्धाच बोलतो. लंडनमध्ये सगळं बोलतो, पण माझी भाषा कळणारं कुणी नाही. घर कुठलं विचारलं की अजून गोवंडीच सांगतो, आणि परतीचं तिकीट लंडनचं काढतो.