गुरुवारचा समुद्र

आमच्याकडे समुद्रावर जायचं ते गुरुवारी. लोक शनिवार-रविवारी जातात, त्यांचं त्यांना लखलाभ. आमच्या चाकणच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, माझ्या नवऱ्याची आणि मोठ्या दिरांचीही. एरवी वर्षभर त्या सुट्टीचा काही उपयोग नाही, कारण पोरं शाळेत. परीक्षा संपल्या की मात्र मे महिन्यातल्या गुरुवाराला भाव येतो. तो नेमका गुरुवार हेरायचा, सगळ्यांना एका गाडीत कोंबायचं आणि शुक्रवारच्या फर्स्ट शिफ्टच्या आत समुद्र दाखवून परत आणायचं, हे काम अक्कांचं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. लातूरकडची. कुरुळीत आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. अक्का डब्यांची मेस चालवतात. एकट्या राहणाऱ्या पोरांचे डबे पलीकडच्या निघोज्यापर्यंत जातात, आणि कुणाची शिफ्ट कधी बदलते हे त्या पोरांच्या आधी अक्कांना ठाऊक असतं. लग्न होऊन इकडे येईपर्यंत या बाईने समुद्र तर सोडाच, उन्हाळ्यात वाहती नदीसुद्धा पाहिली नव्हती. मी समुद्राच्या काठावर जन्मलेली. तरी सहल ठरवणार त्या आणि तोंड चालवणार मी, अशी आमची वाटणी.

माझं माहेर काशीदच्याही पुढे, समुद्राला लागून असलेल्या एका वाडीत. कंपनीत नोकरीला लागले, तिथे नवरा भेटला आणि घरी न विचारता लग्न करून मोकळी झाले. सांगायला गेले तर आई ओट्यावरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "घाटावरचा केलास ना? मग तिकडेच राहा. या दारात पाय ठेवायचा नाही." मी काय ऐकून घेणार? म्हटलं, "नाही ठेवणार, जा." झालं. भाऊ अधूनमधून फोन करायचा. आईचा एकदाही आला नाही. मला लेक झाली तेव्हाही नाही. आई धडधाकट असताना आईवाचून बाळंतपण काढणं काय असतं, ते वैऱ्यावरही येऊ नये. मी कुणापाशी रडले नाही. पण अक्कांनी माझं डोकं मांडीवर घेऊन तेल घातलं तेव्हा त्यांना सगळं कळलं असणार.

म्हणून पहिल्यांदा समुद्राचं निघालं तेव्हाच मी सांगून टाकलं, "अक्का, कुठलाही समुद्र चालेल. माझ्या गावचा नको."

"बरं," अक्का म्हणाल्या. एवढंच.

ती पहिली सहल अलिबागची. गाडी कुठली, तर कंपनीच्या लोकांची ने-आण करणारी मिनीबस. गुरुवारी ती रिकामीच उभी असते, हे अक्कांशिवाय कुणाच्या डोक्यात आलं असतं? घाटात मला गाडी लागली, म्हणून पोचल्यावर मी सीटवरच आडवी झाले. बाकीच्यांनी पाण्यापासून चार हातांवर सतरंज्या अंथरल्या, धपाट्यांचे डबे मांडले आणि पोरांना घेऊन सगळे घोडागाडी बघायला गेले. सासूबाई तेवढ्या राखणीला बसल्या. नेमकी अमावास्या आणि भर दुपार. मी उठून बघते तर सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या, एका हातात चटणीची बरणी, आणि ओरडतायत, "आगं, कुन्या मेल्यानं कॅनॉलला पानी सोडलं?"

मी हसून हसून लोळले. सतरंज्या भिजल्या, दिरांची एक चप्पल गेली ती गेलीच. अक्का मात्र हसल्या नाहीत. परतताना पेणपर्यंत त्यांनी मला पिळून काढलं. पाणी कधी येतं, कधी जातं, रोज वेळ का बदलते? मी सांगितलं, अमावास्या-पौर्णिमेला आमच्याकडे दुपारी भरती, आणि अष्टमीच्या आसपास दुपारी पाणी लांब गेलेलं. बस्स, तेवढ्यावर बाईने विषय संपवला. पुढच्या वर्षापासून भिंतीवरच्या कॅलेंडरात अष्टमीच्या जवळचा गुरुवार आधी शोधायचा, मग दिरांचा ओव्हरटाइम, मग मेसच्या पोरांना एक दिवस आधीच सांगून ठेवायचं. ज्या बाईने भरती पहिल्यांदा पाहिली ती सतरंज्या वाहून जाताना, तिने एका वर्षात भरतीलाही शिफ्ट लावली. मी तर थक्कच झाले.

एक गोष्ट मात्र अक्कांनाही जमली नाही. सासूबाईंचा गुरुवार कडक. त्या दिवशी घरात कुणी मासा-मटण खायचं नाही. म्हणजे मी, मासळीवर वाढलेली पोर, वर्षातून एकदा समुद्रावर जाणार, आजूबाजूच्या घरांतून तळलेल्या सुरमईचा वास येणार आणि मी शेंगदाण्याची चटणी खाणार! काय सांगावं कप्पाळ. नवरा चिडवायचा, "वास घे, वासाला बंदी नाही."

दुसऱ्या वर्षी अक्कांनी नागाव ठरवलं. नंतर रेवदंडा. मग काशीद. दरवेळी कारण पटण्यासारखं असायचं. इथे गर्दी फार, तिथे सुरूची सावली बरी. काशीदला पोचून मी वाळूत पाय रोवून उभी राहिले, दक्षिणेकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अक्का, तुम्ही मला टप्प्याटप्प्याने माहेरी नेताय!"

त्या कलिंगड कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग? एकदम नेलं असतं तर तू गाडीतून उडी मारली असतीस."

माझा असा संताप झाला! म्हटलं, दारात पाय ठेवायचा नाही असं सांगितलंय मला, माझ्या आईने, तोंडावर. मला काही लाजलज्जा आहे की नाही? अक्कांनी कलिंगडाची फोड माझ्या हातात कोंबली.

"दारात म्हनली ना? वाळू काय तिच्या दारात येती? आपन वाळूत बसू. दाराकडं बघायचं बी न्हाई. आन आई काय रोज रोज मिळती का? खा."

मी ती फोड खाल्ली. 'नको' काही म्हणाले नाही, आणि अक्का पुढच्या मे महिन्याच्या तयारीला लागल्या.

त्यांची एक पद्धत आहे. कुठेही जायचं तर आधी फोन करून एखादं घर धरायचं. बायकांच्या अंघोळीला गोडं पाणी, कपडे बदलायला आडोसा आणि दुपारचं जेवण. सासूबाईंना उघड्यावर नेणार नाहीत. गेल्या मे महिन्यात मिनीबस काशीद मागे टाकून पुढे निघाली तेव्हा मी उठून अक्कांच्या शेजारी जाऊन बसले. विचारलं, "घर कुणाचं धरलंय?"

"हाय एक बाई. सीझनला जेवन देती. लई दिस बोलतोय आमी फोनवर. आमटीला कोकम किती, भाकरीला पीठ किती गरम, सगळं सांगती. मोप चांगली बाई हाय."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. आमच्या वाडीत सीझनला जेवण देणारी बाई एकच होती.

गाडी थांबली. तीच वाट, तेच माडाचं कुंपण. सगळे सामान घेऊन वर घराकडे गेले, माझी लेकसुद्धा सासूबाईंचं बोट धरून गेली. मी खाली वाळूत जाऊन बसले. पाणी लांब गेलं होतं. नवरा दोनदा बोलवायला आला, दोन्ही वेळा मी त्याला हाकललं. मनात एकच होतं, आईला न सांगता अक्कांनी हे केलं असेल, तर आता सगळ्यांसमोर ती मला हाकलून देईल आणि माझी लेक ते बघेल.

नंतर अक्कांनी सांगितलं, की नंबर माझ्या भावाकडूनच काढला होता, आणि फोनवर जेवण ठरवताना त्या म्हणाल्या होत्या, गुरुवार आहे, शाकाहारीच करा. आणि आपली धाकटी जाऊ तुमच्याच भागातली, तिला वालाचं बिरडं करा, नारळ जास्त घालून. मग त्या बाईने विचारलं, "कुठल्या गावची?" अक्का म्हणाल्या, "ते तुमी तिलाच विचारा."

पण हे सगळं नंतर. तेव्हा मी बसले होते, आणि मागून वाळूत पावलं वाजली. मी वळले नाही. बाजूला झाकलेलं ताट कुणीतरी ठेवलं. मग आई शेजारी बसली. केस पार पिकले होते तिचे.

समुद्राकडे बघत म्हणाली, "वरती सगळे जेवायला बसले. एक बाई येत नाही म्हणे. तिला शपथ आहे."

"आहे," मी म्हटलं.

"कुणाची?"

"माझ्या आईची."

आईने पदराने नाक पुसलं. "ती रागात होती गो. तिचं काय एवढं धरून बसायचं?"

माझं सगळं अवसान गळालं. मी हमसून हमसून रडले, आणि तिने ताटावरची झाकणी काढून माझ्या तोंडात बिरड्याचा घास दिला, लहानपणी द्यायची तसा, अर्धा गालाला लागलेला. दोघींनी मिळून ते ताट संपवलं. लेकीचं नाक तुझ्यासारखं आहे म्हणाली. नवऱ्याबद्दल म्हणाली, जेवतो बरा.

मी म्हटलं, "आता वर जा तू, लोक खोळंबलेत तुझे." माझी जागची हलायची तयारी नव्हती. दारात पाय ठेवायचा नाही हे मी माझ्या तोंडाने कबूल केलं होतं.

आईने माझ्याकडे नीट बघितलं. मग खांद्यावर हात टाकला, सगळा भार दिला आणि म्हणाली, "उठव मला. आणि घरापर्यंत धरून चल. या वाळूतून मला एकटीला वर चढवत नाही आताशा."

थोड्या वेळापूर्वीच ती भरलं ताट हातात घेऊन एकटी खाली आली होती. मी तिला धरलं, आणि धरून थेट घरात नेलं.