कमळाबाईंच्या चार वायरी

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत कमळाबाईंनी उमेदीची सगळी वर्षं गाण्यात घालवली. मग गळ्याचं ऑपरेशन झालं. पुढे आवाज परत आला, पण वरच्या पट्टीत सूर ढळायचा. नेमका कुठे ढळतो, ते मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येईना. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईची, म्हणजे जत्रेची, नाटकं सुरू होणार होती आणि त्यांना स्टेजवर परतायचंच होतं.

म्हणून रेकॉर्डिंग मोठ्यावर ऐकायला, बदली होऊन चाललेल्या एका बँक मॅनेजरकडून त्यांनी जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर घेतले. वडशाच्या घरी त्यांच्या पतींनी, नाटकात तबला वाजवणाऱ्या श्रावणभाऊंनी, स्पीकर फिरवला. मागे वायर जोडायच्या चार खुंट्या होत्या, पितळी पट्ट्यांनी जोडलेल्या. वरच्या दोन बारीक आवाजाच्या, खालच्या दोन जाड आवाजाच्या. पट्ट्या काढून दोन्हींना वेगवेगळी वायर दिली की आवाज मोकळा होतो म्हणतात, असं मॅनेजर बोलले होते.

"म्हणतात म्हणजे काय? आपण ऐकून पाहू," कमळाबाई म्हणाल्या.

बाजारात बिरजूच्या दुकानात त्यांनी वायर मागितली. त्याने चकचकीत गुंडाळी पुढे केली. बाईंनी टोक ब्लेडनं खरवडलं. तांबूस रंग निघून आत पांढरं दिसलं.

"हे तं अ‍ॅल्युमिनियम हाय."

"मंडपवाले हेच नेतात, बाई."

"मले मंडप नाई घालाचा. नुसत्या तांब्याची दाखव, अन् जाड."

तशी होती. सोबत बिरजूने कापडी वेष्टणाची एक विदेशी वायरही दिली. नाही पटली तर परत आणा, म्हणाला.

घरी सगळे तुकडे सारख्या लांबीचे कापले. कमळाबाई डोळे मिटून बसल्या, श्रावणभाऊ वायरी बदलत राहिले. विदेशी कोणती, साधी कोणती, बाईंना ओळखता येईना. विदेशी परत गेली. मग पट्ट्या काढून साधीच दुहेरी जोडली आणि बाईंचं रेकॉर्ड केलेलं पद लावलं.

"थांबा! आवाज मधात नाई. दोनीकडं फाटून राह्यला."

"नव्या जोडणीत असाच येत असन."

"नाई. कायतरी उलटं लागलं."

श्रावणभाऊंनी वाकून पाहिलं. डाव्या स्पीकरच्या वरच्या जोडीत लाल-काळ्याची अदलाबदल झाली होती. ती सुधारताच आवाज मधोमध येऊन उभा राहिला. मात्र एकेरी आणि दुहेरी वायरीत फरक किती, हे बाईंना पुन्हा पुन्हा ऐकूनही ठरवता आलं नाही.

"फरक असन बी. माह्या कानाले तं नाई लागला."

"मंग काढू का?"

"राहू द्या. आता मले कामाले लागू द्या."

त्या कामालाच लागल्या. रोज गायचं, रेकॉर्ड करायचं, ऐकायचं. एका सकाळी त्यांना उमगलं की सूर ढळण्याआधी श्वास संपतो. त्यांनी श्वासाच्या जागा बदलल्या, पद पहिल्यापासून बसवलं.

नाटक कंपनीच्या मालकाने गाणं नसलेली आईची भूमिका देऊ केली.

"रोल करीन," कमळाबाई म्हणाल्या, "पण एक पद मीच म्हणीन. पटत असन तं सांगा."

मालकाने पदांच्या यादीत त्यांचं नाव लिहिलं. मग म्हणाला, "म्हणा."

मंडईतल्या पहिल्याच नाटकात वरच्या सुरावर आवाज थोडा चिरला. बाई थांबल्या नाहीत. तीच ओळ पुन्हा घेतली, आधी श्वास भरला, आणि सूर धरून ठेवला. श्रावणभाऊंनी ठेका सोडला नाही.

घरी आल्यावर त्यांनी पाणी पुढे केलं.

"पाणी मंग पिईन," बाई म्हणाल्या. "रेकॉर्डिंग केली ना? लावा पहिले. कुठी चिरला, ते ऐकाचं हाय."