खडकावर बसवलेला हॅमर

व्हर्डी स्ट्रिकलंड कॉफी उभ्यानंच पिते. पातं तासून झालं की ते डाव्या हातावरच्या केसांवर फिरवून बघते, म्हणून तिचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत आहे. नवऱ्याचे बूट घालते, आत मोज्यांचे दोन जोड. धारेचा दगड विकत घेण्याआधी त्याला जिभेचं टोक लावते. काम संपलं की रिकाम्या ऐरणीवर हातोड्याचा एक हलका टोला मारते, मगच दिवा बंद करते. रविवारी भट्टी पेटवत नाही, पण तिच्यासमोर बसते. खुर्ची नेहमी टेकडीकडे पाठ करून ठेवत आलीय.

टेकडीवर हॉयट प्रिडीचं घर आहे. व्हर्डी त्याचं नाव घेत नाही. 'वरचा' म्हणते.

ती एकसष्ट वर्षांची आहे. मी चोवीस. साहित्याची पदवी घेऊन मी गावात परत आले आणि पोस्टात लागले. तिच्याकडे एक पार्सल पोचवायला गेले होते, तेव्हा ती म्हणाली, "तू ती पुस्तकंवाली ना? बस. बीन्स शिजताहेत." तेव्हापासून दर शनिवारी मी तिथे जेवते. गावात सगळे तिला मिस व्हर्डी म्हणतात. मीही म्हणते.

तिचा नवरा ऑर्व्हिल सुऱ्या घडवायचा. आमच्या भागात हे काम करणारे बरेच आहेत, पण ऑर्व्हिलच्या पात्यांमधले थर लांबूनही ओळखू यायचे. त्याच्याकडे स्वतः बांधलेला पॉवर हॅमर होता. पेडलवर पाय ठेवला की शंभर पौंडांचा घण भराभर पडायचा. नऊ वर्षांपूर्वी हॉयटने काउंटीत तक्रार केली. त्याच्या बायकोचं, नेल्डाचं, डोकं दुखायचं. हुकूम आला की नेल्डा त्या घरात राहते तोवर टेकडीखाली हॅमर चालणार नाही.

ऑर्व्हिलने हॅमर भंगारात दिला. मग दोन वर्षं तो हाताने घण मारत राहिला. व्हर्डी सांडशी धरायची. एका सकाळी एक जाडजूड ठोकळा घडवायला घेतला होता. तीनशे थर, सगळे जोडून झालेले. आता तो फक्त लांबवायचा होता. ऑर्व्हिलने दहाबारा घाव घातले, घण खाली ठेवला आणि म्हणाला, "व्हर्डी, हात वर येत नाहीये." तासाभरात तो गेला.

तो ठोकळा तिने तेल लावून कापडात गुंडाळून ठेवला. ती स्वतःही सुऱ्या घडवते, पण लहान, स्वयंपाकघरातल्या. तेवढ्या मोठ्या ठोकळ्यासाठी तिचा खांदा चालत नाही. "हे पातं झालं की मी मरायला मोकळी," ती म्हणायची. ती हे असं म्हणायची की जणू दुकानात जाऊन यायचंय.

गेल्या हिवाळ्यात नेल्डा प्रिडी वारली. सगळं गाव हॉयटच्या घरी जेवण घेऊन गेलं. व्हर्डीही गेली. तिने टेबलावर बीन्सचं भांडं ठेवलं, नेल्डाच्या शवपेटीजवळ उभी राहिली, डोळे पुसले. परत येताना गाडीत मला म्हणाली, "वेंडेलचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

वेंडेल ओट हा शेजारच्या काउंटीतला म्हातारा लोहार. तो धंदा आवरत होता. त्याच्या गोठ्यात दोन यंत्रं उरली होती, एक प्रेस आणि एक हॅमर. व्हर्डीच्या जागेत एकच मावणार होतं. आम्ही शनिवारी गेलो.

"तुझा खांदा कसाय?" वेंडेलने विचारलं.

"खांद्यासारखा."

"मग प्रेस ने. दाबते हळू, पण आतपर्यंत दाबते. आवाज नाही, हादरा नाही. शेजारी पोर झोपलेलं असलं तरी उठणार नाही."

"लोखंड थंड करते ती. दाबून धरलं की सगळी ऊब खाऊन टाकते."

"ते आहे. पण थर जोडायला तिच्यासारखं काही नाही."

"माझे जोडलेले आहेत, वेंडेल. मला फक्त लांबवायचंय."

वेंडेलने टोपी मागे सरकवली. "मग हॅमर ने. काय म्हणू मी? पण या वयात रोज तो धडाका ऐकायचा? दात पडतील तुझे."

"माझे नाहीत पडणार," व्हर्डी म्हणाली.

मला तिचं म्हणणं पटलं. ऑर्व्हिलचा ठोकळा पूर्ण करायचा तर हॅमरच हवा होता. मी तिच्या बाजूने बोललेसुद्धा.

पाया खणला तेव्हा मला कळलं. हॅमर नुसता जमिनीवर ठेवत नाहीत. खड्डा घेतात, त्यात ओकचे जाड ओंडके आडवेउभे रचतात आणि वर यंत्र बसवतात. मग घाव लाकडात जिरतो. ऑर्व्हिलने तसंच केलं होतं. त्याचे जुने ओंडके शेडमागे रचलेले होते, ठणठणीत. व्हर्डीने त्यांना हात लावला नाही. तिने माणसांकडून दोन फूट खाली खडक लागेपर्यंत खणून घेतलं. आमच्याकडचा खडक म्हणजे धारेचाच दगड, काचेसारखा कडक, सलग. तिच्या शेडखालून निघतो आणि टेकडीत शिरतो. हॉयटच्या घराचा पाया त्याच दगडावर आहे.

तिने हॅमर उघड्या खडकात बोल्ट मारून बसवला.

"मिस व्हर्डी, ओंडके राहिले."

"राहिले नाहीत."

वेंडेल बघायला आला. गुडघ्यावर बसला, बोल्टांवरून बोट फिरवलं. "हे असं कुणी करतं का? घाव परत वर येईल. नट रोज ढिले होतील."

"रोज आवळीन."

वेंडेल उठला. त्याने एकदा टेकडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ट्रकमध्ये जाऊन बसला.

मार्चच्या पहिल्या सोमवारी सकाळी सहाला हॅमर सुरू झाला. मग रविवार सोडून रोज सहाला. आधी पाना घेऊन चारही नट आवळायची, मग पेडल. नऊपर्यंत चालवायची. ऑर्व्हिलचा ठोकळा नव्हता तेव्हा. भंगारातलं कुठलंही लोखंड घ्यायची. पट्ट्या, गाडीच्या स्प्रिंगा, रेल्वेचे खिळे. काही घडवत नव्हती. नुसती ठोकत होती.

शनिवारी तिने मला वर पाठवलं. "त्याची पत्रं घेऊन जा. तू पोस्टातली आहेस, तुला कोण विचारतंय. बघ कसा दिसतोय."

हॉयट दारात आला. उंच, वाकलेला, शर्टाची बटणं चुकीच्या काजात. आत भिंतीवरच्या तसबिरी उतरवून सोफ्यावर ठेवल्या होत्या. बशा टॉवेलात गुंडाळल्या होत्या. मी खाली येऊन सांगितलं.

"किती तसबिरी?"

"पाचसहा."

"लग्नाची होती त्यात?"

"होती बहुतेक."

"ती कुठे ठेवलीय? उताणी की पालथी?"

मला आठवत नव्हतं. ती रागावली. "एवढी पुस्तकं वाचलीस आणि साधं बघता येत नाही?" मग तिने मला मक्याच्या पावाचा दुसरा तुकडा वाढला. त्या दिवशी ती भरपूर जेवली. इतक्या शनिवारांत तिला असं जेवताना मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा होता. माझ्या हातभर लांब. मी सांगितला. तिने लांबी हाताने दाखवायला लावली.

"काउंटीत गेला का?"

"नाही."

"जाऊ दे की. हुकूम नेल्डासाठी होता. बघू आता कुणाचं डोकं दुखतंय."

"तो काहीच बोलत नाही, मिस व्हर्डी."

"ऑर्व्हिलही बोलला नव्हता."

एप्रिल लागला. मग एके दिवशी तिने कापड सोडलं आणि ऑर्व्हिलचा ठोकळा भट्टीत घातला. भंगारावर तिचा हात बसला होता. लोखंड पिवळं झालं, तिने ते सांडशीने हॅमरखाली धरलं आणि पेडल दाबलं. ठोकळा डोळ्यांदेखत लांबत गेला. ऑर्व्हिलच्या घावांच्या खुणा एकामागून एक पुसल्या जात होत्या. ती मध्येच म्हणाली, "बघतोयस ना," आणि ते मला नव्हतं. दोन आठवड्यांत अर्धा ठोकळा झाला. एक टोक लांब, सपाट, पात्याच्या रुंदीचं. दुसरं टोक अजून चौकोनी. पुढच्या आठवड्यात होऊन जाईल, ती म्हणाली.

त्या शनिवारी मी वर गेले, तेव्हा खाली हॅमर चालू होता. हॉयट स्वयंपाकघरात होता. बटणं नीट लावलेली. त्याने दाढी केली होती.

"बस, बाळा. कॉफी घे."

तो टेबलावर तळहात पसरून बसला. कपातली कॉफी थरथरत होती.

"चांगली चाललीय आज," तो म्हणाला.

"काय?"

"व्हर्डी. ताल बसलाय तिचा. आधी नुसती आदळत होती." तो थोडा हसला. "नेल्डा गेली आणि हे घर इतकं गप्प झालं की मी नळ सोडून बसायचो. आवाज हवा म्हणून. आता सहाला फरशी हलते. नेल्डा उठली की अशीच हलायची. जड होती ना. मला वाटतं उठलं कुणीतरी. मग मी पण उठतो."

मी तड्याकडे बघितलं.

"तो असू दे," तो म्हणाला. "तिला सांग, मी तक्रार करणार नाही. तेव्हा केली ती चुकली. नेल्डाचं डोकं हॅमरने दुखत नव्हतं. ट्यूमर होता, नंतर कळलं. ऑर्व्हिलला जाऊन सांगायला पाहिजे होतं. नाही गेलो." त्याने रानद्राक्षाच्या मुरंब्याची बरणी माझ्यापुढे ठेवली. "नेल्डाने केलेली शेवटची. व्हर्डीला दे."

मी टेकडी जवळजवळ पळत उतरले. मला वाटलं, माझ्या हातात काहीतरी मोठं आलंय. मी पुस्तकांत अशी माणसं वाचली होती. एक वाक्य ऐकतात आणि आतलं सगळं सुटतं.

व्हर्डीने नुकताच ठोकळा भट्टीतून काढला होता. हॅमर चालू होता. मी मोठ्याने, एका दमात सगळं सांगितलं. ट्यूमर, नळ, फरशी, नेल्डाचं उठणं. बरणी पुढे केली.

तिने पेडलवरून पाय काढला.

घण वर थांबला. तिच्या सांडशीत ठोकळा होता. पिवळ्याचा नारिंगी झाला, नारिंगीचा लाल. ती गरम लोखंड कधी वाया घालवत नाही. कुणीच लोहार घालवत नाही. लाल गेला, काळा झाला. ती बघत राहिली.

"त्याला बरं वाटतं?" तिने विचारलं.

"हो."

"झोप लागते?"

"लागत असेल. दाढी केली होती."

"सहाला उठतो म्हणाला? माझ्यामुळे?"

मी मान हलवली. मला तेव्हाही वाटत होतं की ती रडेल.

तिने ठोकळा हॅमरच्या घणाखालीच ठेवला. भट्टीचा गॅस बंद केला. आत गेली आणि वेंडेलला फोन लावला. दार उघडं होतं.

"प्रेस आहे का अजून? ... कधी विकलीस? ... मिझूरीत कुठे? ... बरं. नाही, काही नाही. आवाज न करणारं काहीतरी हवं होतं."

तिने फोन ठेवला आणि थोडी हसली.

"मिस व्हर्डी," मी म्हणाले, "ऑर्व्हिलचं पातं. थोडंच राहिलंय."

"मला माहितेय किती राहिलंय."

"ओंडके घालून बसवू. मी वेंडेलला सांगते. मग वर काही जाणार नाही."

"खांदा हा असा. परत खणायचं, परत बसवायचं?" तिने हात पुसले. "आणि कान आहेत त्याला. तेवढंही ऐकू जायला नको."

"त्याने चूक कबूल केली."

"केली ना. सात वर्षं मी या घरातली शांतता ऐकत बसले. आता त्याने ऐकावं." मग ती माझ्याकडे वळली. "तू त्याला काही सांगायचं नाहीस. आजारी आहे असंही नाही. विचारलं तर खांदे उडव."

मुरंब्याची बरणी तिने रस्त्याकडेच्या कुंपणाच्या खांबावर नेऊन ठेवली.

त्याला आता पाच महिने झाले. हॉयट पहिल्या आठवड्यात दोनदा खाली फाटकापर्यंत आला. मी पोस्टात असताना त्याने विचारलं, "बरी आहे ना ती?" मी खांदे उडवले. परवा मी वर पत्रं घेऊन गेले तेव्हा नळ चालू होता.

व्हर्डी अजून सकाळी सहाच्या आत शेडमध्ये जाते. पाना घेऊन चारही नट तपासते, जरी ते आता ढिले होत नाहीत. ठोकळ्यावरून तेलाचं फडकं फिरवते, गंज धरू नये म्हणून. मग खुर्चीत बसते. या महिन्यात तिने खुर्ची फिरवली आहे. टेकडीकडे तोंड करून.

ठोकळा हॅमरखालीच आहे. एक बाजू पात्यासारखी. दुसऱ्या बाजूला वीतभर चौकोनी लोखंड, त्यावर ऑर्व्हिलच्या घणाचे सात घाव.